बनावट दुव्यांमुळे शोधनिकालात मागे पडलेले संकेतस्थळ : निदान व उपाय

शेतकरी उत्पादक कंपन्या, रोपवाटिका व कृषी प्रक्रिया उद्योग आपल्या मालाच्या थेट विक्रीसाठी संकेतस्थळांचा वापर करू लागले आहेत. मेघालयातील लाकाडोंग हळद, काश्मीरचे केशर किंवा देवगडचा हापूस हवा असलेला दूरच्या शहरातील ग्राहक बहुधा गुगलवर शोध घेतो. ऐन हंगामात संकेतस्थळ शोधनिकालात दिसेनासे झाले, तर हंगाम उलटल्यावर परत मिळालेल्या स्थानाचा नाशवंत मालाला उपयोग नसतो. म्हणून या समस्येचे निदान व उपाय यांचा योग्य क्रम विस्तार कार्यकर्त्यांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

दुव्यांचे महत्त्व व गैरवापर

एका संकेतस्थळावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या जोडणीस दुवा अथवा लिंक म्हणतात. गुगलच्या संस्थापकांनी 1998 मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत असा दुवा म्हणजे एक प्रकारची शिफारस मानली गेली. जितक्या विश्वासार्ह शिफारशी अधिक, तितके स्थान वरचे. यातूनच शिफारशींचा बाजार उभा राहिला. पैसे देऊन घेतलेले दुवे, परस्पर देवाणघेवाण आणि केवळ दुवे देण्यासाठी उभारलेली संकेतस्थळे हे त्याचे नेहमीचे प्रकार होत.

या गैरप्रकारास आळा घालण्यासाठी गुगलने 24 एप्रिल 2012 रोजी ‘पेंग्विन’ ही संगणकीय प्रणाली लागू केली. सप्टेंबर 2016 पासून ती मुख्य प्रणालीचा भाग झाली असून, तेव्हापासून संपूर्ण संकेतस्थळास मागे टाकण्याऐवजी बनावट दुव्यांचे मूल्य शून्य धरण्यावर तिचा भर आहे. मात्र गंभीर प्रकरणांत गुगलचे तपासनीस स्वतः पाहणी करून कारवाई करतात. तिला ‘मॅन्युअल ॲक्शन’ म्हणतात.

फूलविक्री व्यवसायातील उदाहरण

ब्रिटनमधील इंटरफ्लोरा ही फुले घरपोच पाठवणारी सुप्रसिद्ध कंपनी फेब्रुवारी 2013 मध्ये स्वतःच्या नावाच्या शोधातही दिसेनाशी झाली. तेथील मातृदिन 10 मार्च रोजी होता आणि फूलविक्रीचा तो मोठा हंगाम. स्थानिक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरील जाहिरातवजा लेखांतून घेतलेले दुवे हे यामागील कारण असल्याचे त्या वेळी निरीक्षकांनी दाखवून दिले. गुगलने कंपनीचे नाव घेतले नाही. परंतु विकत घेतलेल्या दुव्यांना क्रमवारीत लाभ मिळता कामा नये, असे 22 फेब्रुवारीला पुन्हा बजावले. दुवे हटवण्याच्या विनंत्या पाठवल्या गेल्या आणि सुमारे अकरा दिवसांत, मातृदिनापूर्वी, संकेतस्थळ परत दिसू लागले. लहान संस्थेने इतक्या जलद सुटकेची अपेक्षा धरू नये. फेरविचारास अनेक दिवस ते अनेक आठवडे लागू शकतात.

प्रथम निदान

रोग ओळखल्यावाचून फवारणी करू नये, हा नियम येथेही लागू पडतो. गुगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सुविधेतील ‘मॅन्युअल ॲक्शन’ विभाग सर्वप्रथम पाहावा. तेथे सूचना नसेल, तर तपासनीसांची कारवाई झालेली नाही, असे समजावे. मग घसरणीची अन्य कारणे शोधावीत. पावसाळ्यात आंब्याचा शोध घेणारे मुळातच कमी होतात. यासाठी मागील वर्षातील त्याच महिन्यांशी तुलना करावी. संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपणे, पाने शोधयंत्रासाठी चुकून बंद होणे किंवा संकेतस्थळात घुसखोरी होणे हीदेखील संभाव्य कारणे आहेत.

सूचना असल्यास ती नीट वाचावी. आपल्याकडे येणारे बनावट दुवे व आपल्याकडून बाहेर जाणारे बनावट दुवे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसऱ्या प्रकारात दुवे आपल्याच पानांवर असल्याने ते थेट काढता येतात.

उपायांचा क्रम

1. यादी करणे : सर्च कन्सोलच्या ‘लिंक्स’ विभागातून बाहेरील दुव्यांची यादी उतरवून घ्यावी.

2. निवड करणे : कृषी विज्ञान केंद्र, विद्यापीठ, वृत्तपत्रातील बातमी किंवा समाधानी ग्राहक यांनी आपणहून दिलेले दुवे राखावेत. विकत घेतलेले तसेच विषयाशी संबंध नसलेल्या संकेतस्थळांवर पेरलेले दुवे वेगळे काढावेत.

3. हटवण्याची विनंती : संबंधित संकेतस्थळांच्या चालकांना दुवा काढण्याविषयी लिहावे व त्या पत्रव्यवहाराची तारीखवार नोंद ठेवावी. खरी जाहिरात ठेवायची असल्यास दुव्यावर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ ही खूण लावण्यास सांगावे.

4. दुवे नाकारणे : प्रयत्न करूनही न हटलेल्या दुव्यांसाठीच गुगलची ‘डिसअव्हाव’ सुविधा वापरावी. यासाठी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर एक पत्ता किंवा एक संकेतस्थळ नोंदवावे. नवी यादी चढवताच जुनी रद्द होते. म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण यादी द्यावी. ही सुविधा तणनाशकासारखी आहे. बेताने न वापरल्यास तणाबरोबर पीकही जाते, तसे उपयुक्त दुवेही नाकारले जातात.

5. फेरविचाराची विनंती : दोष काय होता, तो कसा दूर केला आणि त्याची नोंद, या तीन गोष्टी प्रामाणिकपणे लिहाव्यात. सफाई अर्धवट असताना विनंती पाठवू नये. निर्णय येण्याआधी पुन्हा विनंती पाठवण्यानेही काही साधत नाही.

परिणाम व दक्षता

कारवाई मागे घेतली गेली, तरी पूर्वीचे स्थान जसेच्या तसे मिळेलच असे नाही. बनावट दुव्यांनी मिळालेला लाभ कायमचा जातो. उरते ते संकेतस्थळाचे स्वतःचे बळ. ते वाढवण्यासाठी वाण, लागवड, प्रतवारी, साठवण व भौगोलिक मानांकन यांविषयी खात्रीशीर माहिती नियमित द्यावी. अशा माहितीचा हवाला इतर संस्था आपणहून देतात.

प्रसिद्धीचे काम बाहेरील व्यावसायिकाकडे सोपवताना दुवे विकत घेतले जाणार नाहीत, अशी अट करारात घालावी. ठरावीक रकमेत शेकडो दुवे किंवा पहिल्या क्रमांकाची हमी देणारा प्रस्ताव नाकारावा. सर्च कन्सोलची मालकी संस्थेच्या स्वतःच्या खात्यावर ठेवावी. अन्यथा गुगलची सूचना व्यावसायिकाकडे जाते आणि संस्थेला ती हंगाम संपल्यावर समजते. हंगामाच्या किमान तीन महिने आधी हा विभाग तपासण्याची पद्धत ठेवल्यास दोष आढळला तरी सुधारणेस पुरेसा अवधी मिळतो.