गळाचा तंगूस किती जाड हवा?

नाशिकला गोदावरीच्या काठाने किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला गेलात, तर गळ टाकून बसलेली माणसे तुम्हाला दिसतील. त्यांच्या हातातला तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, नीट पाहा. लहान माशासाठी तो बारीक असतो आणि मोठ्या माशासाठी जाड. आता तुम्ही विचाराल, सगळीकडे जाडच का वापरू नये? मग तो तुटायची भीतीच नाही! या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूमिती, पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांची मदत घ्यावी लागते.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार केला आहे तो ट्राउट आणि सॅमन मासे पकडणाऱ्यांनी. हे मासे थंड, वाहत्या पाण्यातले. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास काश्मीरमध्ये ट्राउट आणून सोडला; निलगिरीतही त्यांनीच तो आणला. आपल्या गोदावरीत तो का नाही? समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. 30 अंशांना मात्र केवळ 7.6 मिलिग्रॅम. ट्राउटला भरपूर प्राणवायू लागतो आणि साधारण 20 अंशांच्या वरचे पाणी त्याला मानवत नाही. नाशिकचा उन्हाळा त्याला सोसणार नाही.

ट्राउट प्रवाहाबरोबर वाहत येणारे किडे खातो. म्हणून त्याच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी न लावता, पिसे, लोकर व रेशीम गुंडाळून किड्याची नक्कल केलेली असते. या नकली किड्याला 'फ्लाय' म्हणतात. फ्लायला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे ती दूर फेकण्यासाठी जड दोरी वापरतात आणि दोरीच्या टोकाला निमुळता होत गेलेला पारदर्शक दोरा जोडतात. त्याचा शेवटचा, सर्वांत बारीक तुकडा म्हणजे 'टिपेट'. फ्लाय याच तुकड्याला बांधलेली असते.

जाडी दुप्पट, बळ चौपट, ताठपणा सोळापट

दोऱ्याचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे व्यास दुप्पट केला, की बळ चौपट होते. इथपर्यंत जाड दोऱ्याचीच बाजू बळकट दिसते. पण दोरा वाकण्यास जो विरोध करतो, तो ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास दुप्पट, तर ताठपणा सोळापट!

हा ताठपणाच घात करतो. ओढ्यात मध्यभागी पाणी वेगाने वाहते, कडेला संथ. खरा किडा जिथे पडतो, तिथल्या पाण्याच्या वेगाने वाहत जातो. ताठ दोऱ्याला बांधलेली फ्लाय मात्र दोऱ्याबरोबर ओढली जाते आणि पाण्यावर तिच्यामागे रेघ उमटते. असा विचित्र चालणारा किडा ट्राउट सहसा तोंडात घेत नाही. म्हणून लहान फ्लायला बारीक आणि लवचीक टिपेट लागतो. उलट, मोठी फ्लाय फार बारीक टिपेटला बांधली, तर फेकताना तो पिळवटतो आणि मासा ओढू लागला की तुटतो. मासा सुटतो खरा, पण गळ त्याच्या तोंडात अडकून राहतो.

अकराचे गणित

टिपेटची जाडी 'एक्स' या अक्षराने सांगतात. 11 मधून एक्सचा आकडा वजा करा; उरेल तितके सहस्रांश इंच म्हणजे व्यास. 3 एक्स म्हणजे 0.008 इंच (सुमारे 0.20 मिलिमीटर) आणि 5 एक्स म्हणजे 0.006 इंच (सुमारे 0.15 मिलिमीटर). आकडा मोठा, दोरा बारीक! गळाच्या क्रमांकाचेही तसेच: 16 क्रमांकाचा गळ 12 क्रमांकाच्या गळापेक्षा लहान असतो.

या दोहोंची जोडी जमवण्याचा ठोकताळा असा, की गळाच्या क्रमांकाला 3 ने भागावे. क्रमांक 12 ला 4 एक्स, क्रमांक 16 ला 5 एक्स. काही जण 4 ने भागतात. पाणी नितळ आणि संथ असेल तर त्याहून बारीक टिपेट घेतात, गढूळ आणि जोराचे असेल तर जाड. आता तुम्हीच पडताळा: 5 एक्सऐवजी 3 एक्स घेतला, तर बळ 64 भागिले 36, म्हणजे सुमारे पावणेदोन पट होते, ताठपणा मात्र तिपटीहून अधिक वाढतो.

टिपेट कशाचा आहे, हेही महत्त्वाचे. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, नायलॉनचा सुमारे 1.53 आणि फ्लुओरोकार्बनचा 1.42. हा आकडा पाण्याच्या जितका जवळ, तितका दोरा पाण्यात कमी दिसतो. पण फ्लुओरोकार्बनची घनता सुमारे 1.78 असल्याने तो लवकर बुडतो. म्हणून तरंगत्या फ्लायला नायलॉन बरा, बुडणाऱ्या फ्लायला फ्लुओरोकार्बन.

फ्लाय निवडावी कशी?

आधी ओढ्यातला एक दगड उलटून पाहावा. पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले आणि मागे दोन-तीन लांब शेपट्या असलेली मेफ्लायची पिले, वाळूच्या कणांचे घर करून राहणाऱ्या कॅडिसच्या अळ्या तिथे दिसतात. जो किडा जास्त, त्याच्याच आकाराची आणि रंगाची फ्लाय निवडायची.

हे किडे आपल्याकडच्या स्वच्छ ओढ्यांतही असतात. पावसाळा ओसरल्यावर शिक्षकांबरोबर उथळ ओढ्यावर जा, दगड उलटून किडे मोजा आणि दगड पुन्हा तसाच ठेवा. मग सांडपाणी मिसळणाऱ्या ओढ्याच्या काठाशी तीच पाहणी करा. तिथे मात्र पाण्याला हात लावू नका, काम शिक्षकांच्या देखरेखीखाली जाळीने करा. मेफ्लायची बहुतेक पिले प्रदूषण सहन करत नाहीत. ती नाहीशी झाली, की त्यांच्यावर जगणारे मासेही उपाशी राहतात.

करून पाहा

0.40 आणि 0.60 मिलिमीटर जाडीचे तंगुसाचे तुकडे घ्या. ते टेबलाच्या कडेला वहीखाली दाबून प्रत्येकी 5 सेंटिमीटर बाहेर ठेवा. टोकाची उंची मोजा. मग 3 सेंटिमीटर चौरस कागदाची घडी टोकाला अडकवून पुन्हा मोजा. जाड तुकडा बारीक तुकड्याच्या सुमारे एकपंचमांश इतकाच खाली येईल. दीडचा चौथा घात किती होतो, ते काढा आणि उत्तराशी ताडून पाहा.

प्रयोग झाल्यावर तुकडे बाहेर फेकू नका. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. संक्रांतीला पक्ष्यांचे पंख कापणारा नायलॉन मांजाही याच जातीचा. नदीकाठी टाकलेला तंगूस पाणपक्ष्यांच्या पायांत अडकतो, आणि याच गोदावरीवर खाली नांदूर मध्यमेश्वरला दर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. तुटलेला तंगूस गुंडाळून खिशात घालावा आणि घरी आणावा.