माळकऱ्याची चंची

अभक्ष्य कोणते हे माळकऱ्याला सांगावे लागत नाही. पण दिंडी विसाव्याला टेकली की कमरेची चंची सुटते, तळहातावर चुना मळला जातो, कोणी आडोशाला जाऊन बिडी शिलगावतो. हटकले तर उत्तर तयार असते, "अहो महाराज, ही काय पोटात जाते? आमचं खाणं शुद्ध भाजीभाकरीचं, आम्हांला काय होतंय!" आज या उत्तराचाच विचार करू.

पोटात नाही तरी ती रक्तात जातेच. गालात धरलेल्या तंबाखूचे निकोटीन तेथूनच रक्तात उतरते. चुन्याने तर लवकर. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. दिवेघाट चढताना लागणारी धाप सगळीच वयाची नव्हे! टेंभुर्णीचे पान नीट जळत नाही, म्हणून बिडी वारंवार ओढावी लागते. तिला सिगारेटपेक्षा सौम्य मानणे व्यर्थ आहे.

आता शुद्ध खाण्याचे पाहू. भाजीपाला भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून फिनलंडात १९८५ पासून सुमारे २९ हजार धूम्रपानी पुरुषांवर एक प्रयोग झाला. काहींना गाजरातल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या रोज दिल्या. १९९४ साली निकाल आला तो उलटाच! गोळ्या घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. गाजर खुशाल खावे, त्याचा दोष नाही. पण वरून काही खाऊन धूर धुऊन निघत नाही, एवढे यातून दिसले.

उलट तंबाखूच अन्नावर हात मारते. धूम्रपान करणाऱ्याला क जीवनसत्त्व दिवसाला ३५ मिलिग्रॅम जास्त लागते. एका पेरूत ते सहज मिळते, पण बिडीने भूक मारली की पेरू आठवतो कोणाला? जिभेची चवही बोथट होते, मग ठेच्यावर आणखी मीठ पडते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचाभर मीठ पुरे म्हणते. जादा मिठाने रक्तदाब चढतो, तंबाखूनेही चढतो. भार पडतो तो त्याच नाड्यांवर. आमच्या मायबहिणींची मिश्रीही तंबाखूच, दंतमंजन नव्हे. गर्भारपणी ती लावली तर पोटातले बाळ वजनाने कमी भरते.

सोडायची तर तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ फुटाणे, बडीशेप, आवळकाठी तोंडात धरावी. सुपारी मात्र नको, ती स्वतःच कर्करोगकारक आहे. पुढे भूक उघडते, अंगही थोडे भरते, त्याला भिऊ नये. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. एकट्याने जमेना तर सरकारचा १८००-११२-३५६ हा मोफत दूरध्वनी आहे. दिंडीत हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन असतोच.