पाण्याचा काटा वेगळा, ऑइलची उष्णता वेगळी



विहिरीवर ऑइल इंजिन चालवलेली पिढी आपल्यात अजून आहे. किर्लोस्कर असो की कूपर, इंजिन सुरू होऊन पाणी पाटात पडू लागले की मालक आधी एकच गोष्ट करायचा. इंजिनमधून फिरून बाहेर पडणाऱ्या बारीक नळीच्या पाण्याखाली हात धरायचा. पाणी हाताला सोसेल इतपत गरम लागले तर ठीक. चटका बसला तर कॉक थोडा उघडायचा. विहिरीतल्यासारखे गारच लागले तर कॉक थोडा आवळायचा, कारण गार इंजिन डिझेल जास्त खाते आणि लायनर लवकर झिजतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक झाले होते. थर्मामीटर कोणाकडे नव्हता, हात हाच थर्मामीटर.

आज त्याच घरापुढे डिझेल पिकअप उभी असते. ऊस वाहायला ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक आणि बैलगाड्या आहेत. पण सकाळचे दूध, मार्केटचा कांदा, टोमॅटोचे क्रेट, खताच्या गोण्या हे सारे पिकअपवर. गाडी बहुतेकांनी कर्ज काढूनच घेतलेली असते. तिचे टायर, तिचे अॅव्हरेज, तिचा हप्ता यांची चर्चा पारावर रोज होते. इंजिनमधले ऑइल किती तापते, हे मात्र विचारले तर उत्तर येते, "काटा मधेच असतो की!"

तो काटा पाण्याचा. ऑइलचा नव्हे. गैरसमज इथूनच सुरू होतो. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपला ऑइलची उष्णता दाखवणारे गेजच नसते. तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला जो लाल दिवा असतो, तो ऑइलचा दाब पडला की लागतो. ऑइल किती तापले आहे याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. आणि तो दिवा चालू इंजिनवर लागला म्हणजे काम बरेच पुढे गेलेले असते.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदाची गाडी टोमॅटोचे क्रेट भरून संगमनेरहून नारायणगावच्या बाजाराला निघाली. दुपारची वेळ, भर नियमापेक्षा जास्त, आणि पुढे चंदनापुरीचा घाट. ड्रायव्हर पोरगा चांगला, पण गिअर उतरवायचा कंटाळा. वरच्या गिअरमध्येच इंजिन कण्हत-कुंथत घाट चढवला. पाण्याचा काटा मधल्या रेघेच्या जरासा वर, म्हणून तो निर्धास्त. वर पोचल्यावर हॉटेलसमोर गाडी लावली, लगेच चावी काढली आणि चहाला गेला. परत येऊन सुरू केली तेव्हा लाल दिवा लुकलुकला आणि विझला. त्याने तो मनावर घेतला नाही. पंधरा दिवसांत इंजिनमधून ठोका येऊ लागला. इंजिन उघडले तर बिग एंडची बेअरिंगे खरवडलेली, टर्बोची शाफ्ट हलती, चेंबरमध्ये ऑइल लिटरभर कमी आणि उरलेले डांबरासारखे काळे. रेडिएटरची जाळी तर गेल्या हंगामातल्या पाचटाच्या भुशाने अर्धी बुजलेली होती. त्या हंगामातले टोमॅटोचे बरेचसे पैसे त्या इंजिनात गेले.

या प्रकरणात पाण्याचा काटा खोटे बोलला का? नाही. तो त्याचे काम करत होता. पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट बसवलेला असतो. साधारण ८० ते ८५ अंशांना तो उघडू लागतो आणि पाणी ठराविक उष्णतेच्या आसपास धरून ठेवतो. शिवाय पुष्कळ नव्या गाड्यांमध्ये काटा मुद्दामच असा ठेवलेला असतो, की पाणी थोडे वरखाली झाले तरी तो मधेच उभा राहावा. ऑइलला असा राखणदार नसतो. ते पिस्टनच्या पोटावर उडते, बेअरिंगमधून पिळून निघते, टर्बोतून जाते. टर्बोच्या एका अंगाने भरल्या गाडीत ६००-७०० अंशांचा धूर वाहत असतो, आणि त्याच्या शेजारून हे ऑइल जाते. तेव्हा पाणी ९० वर स्थिर असताना ऑइल ११५-१२० वर गेलेले असू शकते.

मग नेहमीची उष्णता कोणती समजायची? आपल्या गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असेल तर तोच प्रमाण. नसेल तर ढोबळ अंदाज असा. इंजिन पुरते तापल्यावर सपाट रस्त्यावर, बेताच्या भाराने ऑइल ९० ते १०५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे. भरली गाडी घाट चढताना ११५ ते १२० पर्यंत गेली आणि वर पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत खाली आली, तर घाबरण्याचे कारण नाही. १२५ च्या पुढे जाऊ लागली तर पाय सैल करावा, गिअर उतरवावा, एसी असेल तर बंद करावा. १३० दिसले तर गाडी कडेला घ्यावी.

गुऱ्हाळ पाहिलेल्यांना हा आकडा चटकन समजेल. काहिलीतला पाक साधारण ११५ ते १२० अंशांच्या घरात गेला की गुळव्या काहील उतरवायला सांगतो. म्हणजे गुळाचा पाक ज्या उष्णतेला तयार होतो, त्याच उष्णतेत आपले ऑइल घाटात काम करत असते. पाक काहिलीत जरा जास्त राहिला तर करपतो, गुळाचा रंग जातो. ऑइलचेही तसेच आहे. साध्या खनिज ऑइलबाबत हिशेब असा, की उष्णता दर १० अंशांनी वाढली की त्याचे खराब होणे साधारण दुप्पट वेगाने होते. ९० चे १०० झाले तर दुप्पट, ११० ला चौपट, १२० ला आठपट. घाटातली पंधरा मिनिटे चालतात. पण बुजलेल्या रेडिएटरमुळे गाडी रोजच १२० वर पळत असेल, तर डब्यावर लिहिलेल्या किलोमीटरवर विसंबून ऑइल बदलणे धोक्याचे.

दुसरी गोष्ट पातळपणाची. गार काकवी आणि तापलेली काकवी यांत जो फरक, तोच इथे. आपण सर्रास वापरतो ते १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना जितके दाट असते, त्याच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकेच ते १०० अंशांना उरते. इंजिन त्याच पातळपणासाठी बनवलेले असते, म्हणून १०० ला बिघडत काहीच नाही. पण त्याच्या बरेच वर गेले की क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा थर बारीक होतो, आणि गाडी उभी करून इंजिन हळू फिरू लागले की दाब पडतो. त्या पोराला हॉटेलसमोर दिसलेला लुकलुकता दिवा हाच.

घाटाबद्दल एक गोष्ट ड्रायव्हर मंडळींना पटवणे अवघड जाते. त्यांना वाटते, खालचा गिअर म्हणजे इंजिन जोरात फिरणार, म्हणजे जास्त तापणार. प्रत्यक्षात वरच्या गिअरमध्ये इंजिन कुंथत असते तेव्हा पाण्याचा पंप मंद, पट्ट्यावर चालणारा पंखाही मंद, ऑइलचा पंपही मंद, आणि जळणारे डिझेल मात्र भरपूर. एक गिअर उतरवला की हे तिन्ही वेग धरतात. आणि वर पोचल्यावर चावी लगेच काढू नये. दोन-तीन मिनिटे इंजिन तसेच हळू चालू ठेवावे, म्हणजे टर्बोतली उष्णता ऑइलबरोबर निघून जाते. नाहीतर टर्बोत अडकलेले ऑइल जागच्या जागी करपून त्याचा कोळसा बसतो. चहा तेवढा वेळ थांबतो. गाडी तापली म्हणून रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका; झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी १०० च्या वरही उकळत नाही, पण झाकण फिरवताच एकदम उसळते. त्यात तोंड-हात भाजल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

आता उलट बाजू, जिच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. दुधाच्या गाड्या. डिसेंबरची पहाट, थंडी कडाक्याची, घरापासून संकलन केंद्र तीन किलोमीटर. वाटेत चार ठिकाणी किटल्या घ्यायच्या आणि परत. पाण्याचा काटा सात-आठ मिनिटांत वर येतो, पण ऑइल तापायला त्याच्या दुप्पट वेळही लागतो. ऑइल ५०-६० वर असतानाच फेरी संपते आणि इंजिन बंद होते. यात काय बिघडले? एक लिटर डिझेल जळते तेव्हा जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. बहुतेक सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी वाफ रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये उतरते. ऑइल ९० च्या घरात काही वेळ राहिले तर ती उडून जाते. ते कधीच तापले नाही तर पाणी तिथेच साचते आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा साका धरतो. तसा साका दिसला म्हणजे हेड गॅस्केटच गेले असे दर वेळी नाही. रेडिएटरचे पाणी कमी होत नसेल तर आधी आठवड्यातून एकदा गाडी पाऊण तास मोकळ्या रस्त्याने सलग चालवून पाहा.

काही मेस्त्री "गाडी गार राहील" म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. हे करू देऊ नका. दुधाच्या गाडीला तर ते विषच आहे.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी ज्यांना काजळी अडवणारी जाळी आहे, त्यांचे आणखी एक. जाळीतली काजळी जाळण्यासाठी गाडी मधूनमधून जास्तीचे डिझेल सोडते. ते काम चालू असताना दर वेळी इंजिन बंद केले, तर न जळालेले डिझेल चेंबरमध्ये उतरते. अशा गाडीत पट्टीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. वाढलेले ऑइल पाहून खूश होऊ नये. ते पातळ झालेले असते, आणि बदलावे लागते.

मोजायचे कसे? नव्या गाडीचे काही मॉडेल असे, की स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावला तर मोबाइलवर ऑइलचा आकडा दिसतो. सगळ्यांत ती सोय नसते. पक्के काम म्हणजे ऑइल फिल्टरच्या बुडाशी सेन्सर बसवून डॅशवर वेगळे गेज लावणे. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्यावे. सर्वांत स्वस्त उपाय कारखान्यातल्या फिटरच्या हातात असते ती उष्णता मोजायची बंदूक. कोरोनाच्या काळात कपाळावर धरत ती नव्हे. ती अंगाच्या तापापुरतीच. यंत्रांसाठीची वेगळी मिळते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. बाजूने वाकून चेंबरच्या काळ्या रंगाच्या भागावर धरावी. चकाकत्या पत्र्यावर आकडा चुकतो. पत्रा आतल्या ऑइलपेक्षा थोडा गारच असतो, त्यामुळे आकडा दहा-एक अंश कमी आला तरी नवल नाही. जागा मात्र दर वेळी तीच हवी, खडूने खूण करून ठेवा.

कारखान्यात मिलच्या बेअरिंगची उष्णता लॉगशीटवर लिहितात, तशी एक चाळीस पानी वही गाडीत असू द्या. तारीख, बाहेर ऊन की थंडी, भर किती, रस्ता कोणता, पाण्याचा काटा कुठे आणि ऑइल किती. महिनाभरात तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा तुम्हाला कळेल. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, त्याचे काही नाही. तोच रस्ता, तेवढाच भर, तसेच ऊन असताना आकडा चढत चालला, तर पाहायचे ते हे: पट्टीवर ऑइलची पातळी, पंख्याचा पट्टा, रेडिएटरची जाळी आणि कूलंट. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे घातले असेल तर आतूनही थर बसलेला असतो. जाळी धुताना पाण्याचा झोत इंजिनच्या बाजूने पुढे मारावा. समोरून मारला तर भुसा आणखी आत बसतो.

टोमॅटोवाल्या सभासदाने इंजिन बांधून आणल्यावर अशी वही ठेवली. गळीत सुरू झाल्यावर त्याला दिसले, की रोजच्या रस्त्यावर बंदुकीचा आकडा ८८ वरून तीन आठवड्यांत ९७ झाला आहे. पाण्याचा काटा होता तिथेच. त्याने जाळी काढली, पाचटाचा भुसा धुतला आणि दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात ८९ लिहिले.