अंडाशयातील गलगंड

यावल

चि. ताई,

तुझे पत्र पोहोचले. अंडाशयाच्या गाठीचा अहवाल ‘स्ट्रुमा ओव्हारी’ असा आला म्हणून त्या बाईस तातडीने मुंबईस पाठवावे काय, असे तू विचारतेस. सातपुड्याच्या पायथ्याशी गलगंड गळ्यातच पाहण्याची आपणांस सवय, त्यामुळे अवटुग्रंथीची (थायरॉइडची) ऊती ओटीपोटात सापडली की दचकायला होते. परंतु अंडाशयाच्या टेराटोमा नावाच्या गाठीत जसे केस, दात आणि चरबी आढळतात तशीच ही ऊतीही आढळते, आणि ती निम्म्याहून अधिक असली म्हणजे गाठीस हे नाव मिळते.

शस्त्रक्रियेपूर्वी हे निदान क्वचितच होते. जलोदर आणि रक्तात वाढलेले सीए-125 ही जोडी दिसताच कर्करोगाचे फर्मान काढण्याचा मोह होतो, पण सौम्य गाठीतही ती दिसते आणि गाठ काढल्यावर पोटातील पाणी ओसरते. मात्र नाडी जलद, हात थरथरते, टीएसएच दबलेले आणि गळा साफ, अशी कैफियत असेल (शंभरात पाच-आठ जणींतच ती असते), तर आयोडीन स्कॅन ओटीपोटापर्यंत घ्यावा आणि औषधांनी अवटु आटोक्यात आणल्यावाचून सुरी उचलू नये. भूल दिल्यावर थायरॉइड स्टॉर्म उठला तर जीव वाचविणे कठीण.

तू कापलेल्या गाठीत तपकिरी-हिरवट, चकचकीत, चिकट द्रव पाहिलास आणि स्लाइडवर गुलाबी कोलॉइडने भरलेली पुटके आढळली, एवढ्याने भिण्याचे कारण नाही. गाठ सौम्य असेल तर ती, किंवा ते एक अंडाशय, काढले की उपचार संपला. तरुण स्त्रीचे दुसरे अंडाशय भीतीपोटी काढणे मला तरी गुन्हाच वाटतो. अहवालात पॅपिलरी वा फॉलिक्युलर कार्सिनोमा असे स्पष्ट लिहिलेले असेल, आणि रोग पसरला असेल, तर गोष्ट वेगळी: मग गळ्यातील ग्रंथीही काढावी लागते, कारण ती जागेवर असेपर्यंत किरणोत्सारी आयोडीन तीच शोषून घेते आणि पसरलेल्या पेशी उपाशी राहतात, शिवाय ती काढल्यावरच रक्तातील थायरोग्लोब्युलिन पाहून रोगावर पाळत ठेवता येते. या उपचारासाठी परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून आहे.

तेव्हा आज तिला पाठवू नकोस. केळीचे उभे पीक मिळेल त्या भावाने देऊन मुंबई गाठणारी कुटुंबे आपल्या तालुक्यात थोडी नाहीत. आधी ब्लॉक आणि स्लाइडी ताब्यात घेऊन दुसऱ्या जाणत्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घे, गळ्याची सोनोग्राफी व टीएसएच करून घे, आणि गाठ सौम्य ठरली तरी त्या बाईला दरसाल बोलाव, कारण अशी गाठ क्वचित वर्षांनी परतते. दुसरा अहवाल आला की मला कळव.

तुझा,
काका