कला शाखेतून प्रयोगशाळेकडे

बारावीचा निकाल लागला की कला व वाणिज्य शाखेची मुले आमच्या कार्यालयात येतात. पूर्वी विचारीत, कोणते महाविद्यालय चांगले? आता विचारतात, ‘सर, विज्ञानाचाही एक विषय घेता येतो म्हणे. सोपा कोणता?’

मध्य प्रदेशात २०२१-२२ च्या सत्रापासून महाविद्यालयांत नवे राष्ट्रीय शिक्षण धोरण लागू झाले आणि आपल्या शाखेबाहेरचा विषय घेण्याची वाट मोकळी झाली. ही चांगलीच गोष्ट आहे. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून बी.ए. केले, तेव्हा प्रयोगशाळेचे दार बाहेरूनच पाहिले होते. म्हणून हा लेख शाळेच्या विज्ञान शिक्षकांना विचारून लिहीत आहोत.

‘सोपा कोणता’ यापेक्षा, तिथे हातांनी काय करायचे आहे, हे विचारावे. रसायनशास्त्रात ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडायचा आणि रंग बदलताच थांबायचे. एक थेंब जास्त पडला की पुन्हा पहिल्यापासून. भौतिकशास्त्रात लंबकाची आंदोलने कोणीही मोजेल, पण पुढे आवर्तकालाचा वर्ग, आलेख आणि गणित येते. दहावीनंतर गणित सोडलेल्यांनी याचा विचार करावा. वनस्पतिशास्त्रात खोडाचा पातळ काप घेऊन, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आकृती काढतात. ज्याचा चित्रकलेत हात चांगला आहे, त्याला ते जमते.

इतिहास, भूगोलाच्या मुलांना आम्ही भूविज्ञान सुचवू, अर्थात महाविद्यालयाच्या यादीत असेल तर. दगडाची कठिणता १ ते १० अशा मोहस् मापनावर ठरवतात. त्यावर आपले नख साधारण अडीच. चुनखडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. आपल्या माळव्याची काळी माती ज्वालामुखीच्या बेसाल्टची. त्या मातीत कापूस, आणि कापसावर इंदूरच्या कापड गिरण्या. इतिहासाचे पुस्तक इतके मागे जात नाही.

वेळेचा हिशेब पालकांनीही करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार एका क्रेडिटसाठी व्याख्यानाचे १५ तास, पण प्रयोगाचे ३० तास लागतात. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने मैत्रिणीने घेतले म्हणून रसायनशास्त्र घेतले. दुपारी शिकवण्या करून ती स्वतःची फी भरत असे, आणि प्रयोगाची वेळही दुपारचीच. शिकवण्या सोडणे शक्य नव्हते. प्रयोग राहिले, विषय राहिला. गाइड वाचून एका रात्रीत लेखी परीक्षा निघेल, प्रयोगवही कशी भरणार?

आपल्या घरांत आणखी एक घोटाळा होतो, तो शब्दांचा. पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करणे याला मराठीत ऊर्ध्वपातन म्हणतात, हिंदीत आसवन. हिंदी पुस्तकातले ऊर्ध्वपातन निराळे: कापूर तापवला की न वितळता वाफ होतो, ते. मराठीत त्याला संप्लवन म्हणतात. आजोबा शिकवायला बसले की नातू गोंधळतो, आणि चूक दोघांचीही नसते! वहीत शब्दाशेजारी इंग्रजी नाव लिहून ठेवावे. महाविद्यालयात तेच कानावर पडेल.

प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वी येत्या दोन शनिवारी सकाळी शाळेची प्रयोगशाळा बारावीच्या मुलांसाठी उघडी राहील. ब्यूरेट हातात धरून पाहावी, एक काप घेऊन पाहावा. ब्लेड शाळेचे, बोटे सांभाळून.