मावशीच्या गाठीचा सिग्नल

मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या ऐन धामधुमीत आईचा फोन आला. "मावशीच्या सोनोग्राफीत ट्यूमर निघालाय गं," एवढं बोलून ती रडायलाच लागली. रूममेटने मेसमधून आणलेलं ताट तसंच पडून राहिलं. रात्री मावसभावाने रिपोर्टचा फोटो पाठवला. उजव्या अंडाशयात ६ सेंटिमीटरची गाठ, 'मॅच्युअर सिस्टिक टेराटोमा'ची शक्यता. नाव वाचूनच घाम फुटला. मग म्हटलं, आपण इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थिनी. निदान सिग्नल तरी समजून घेऊ. जे समजलं ते इथे मांडते.

सोनोग्राफीचा प्रोब म्हणजे पिझोइलेक्ट्रिक स्फटिकांची रांग. तो ध्वनीचे स्पंद सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. शरीरात ध्वनीचा वेग सरासरी सेकंदाला १५४० मीटर धरतात. प्रतिध्वनी १०० मायक्रोसेकंदांनी परतला, तर तो पृष्ठभाग ७.७ सेंटिमीटर खोल आहे. साध्या पाण्याच्या गाठीत ध्वनी परतवणारं काही नसतं, म्हणून ती काळी दिसते. तिच्या मागचा भाग मात्र जास्त उजळ दिसतो. कारण खोलवरचा प्रतिध्वनी क्षीण होतो हे धरून यंत्र खोलीनुसार गेन वाढवत जातं. द्रवात ध्वनी फारसा क्षीण होत नाही, पण गेन तेवढाच वाढलेला असतो!

या तंत्राचा उगम आपल्याच बिरादरीत आहे. १९५५ साली ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन चक्क एका बॉयलर कंपनीत गेले आणि धातूतले दोष शोधायच्या यंत्रावर त्या तपासल्या. पुढे इंजिनिअर टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकविकार यांच्यासोबत त्यांचा शोधनिबंध १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पोटाचा असाध्य कर्करोग ठरवलेल्या एका बाईंना प्रत्यक्षात अंडाशयाची मोठी गाठ आहे, हे त्यांच्या यंत्राने दाखवलं. गाठ काढली आणि बाई वाचल्या.

मावशीची गाठ निव्वळ काळी नव्हती. आत एक पांढरा भाग आणि त्यामागे सावली होती. अशा गाठीला डर्मॉइडही म्हणतात. आत चरबी, केस, कधी कधी दातसुद्धा असतात! ते ध्वनी अडवतात, म्हणून सावली पडते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयोटा'च्या सोप्या नियमांत अशी सावली सौम्य गाठीची खूण मानली आहे. उलट पोटात पाणी साठणं, वेडावाकडा घन भाग, चार किंवा जास्त अंकुर, डॉप्लरवर भरपूर रक्तप्रवाह या धोक्याच्या खुणा.

खात्रीसाठी डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. त्यात चरबी आणि साकळलेलं रक्त दोन्ही उजळ दिसू शकतात. मग फरक कसा करायचा? १.५ टेस्लाच्या यंत्रात चरबीतल्या आणि पाण्यातल्या हायड्रोजनच्या फ्रिक्वेन्सीत सुमारे २२० हर्ट्झचा फरक असतो. तेवढा चरबीचा सिग्नल दाबला की डर्मॉइडचा उजळ भाग काळा पडतो, रक्त मात्र उजळच राहतं. आपण लॅबमध्ये नको असलेली फ्रिक्वेन्सी गाळतो, तसंच की हे! मावशीच्या गाठीतला उजळपणा गेला.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. तरी बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला धड झोप नव्हती, कारण शेवटचा शब्द बायोप्सीचाच. गाठ सौम्य निघाली. आता मावशी मलाच विचारते, "काय गं, माझा सिग्नल कसा आहे?"

मैत्रिणींनो, 'ट्यूमर' म्हणजे गाठ. प्रत्येक गाठ कर्करोग नसते. पण दुर्लक्षही नको. डर्मॉइड आपल्या वयातही होतो आणि अंडाशयाला पीळ पडू शकतो. ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य दुखलं, उलट्या झाल्या, तर 'पाळीचं असेल' म्हणून गोळी घेऊन झोपू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रेक्टर मॅडमना उठवा आणि दवाखाना गाठा.