रेताड जमीन आणि नत्राचे हप्ते

पश्चिम राजस्थानात जोधपूर, बाडमेर, बिकानेर या भागांत दूरवर रेताड जमीन पसरलेली आहे. पावसाळ्यातील मोजक्या सरींवर तेथील शेतकरी बाजरी पिकवतो. पिकाच्या वाढीसाठी नत्र आवश्यक असते. परंतु ही जमीन नत्र फार काळ धरून ठेवू शकत नाही.

याचे कारण मातीच्या घडणीत आहे. वाळूचे कण मोठे असतात व त्यांच्यामधील पोकळ्याही मोठ्या असतात. त्यामुळे पाणी झरझर खाली उतरते. अन्नद्रव्ये धरून ठेवणारी चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ येथे अल्प असतात. युरियाचे प्रथम अमोनियममध्ये व नंतर जिवाणूंच्या क्रियेने नायट्रेटमध्ये रूपांतर होते. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि जोराच्या पावसात मुळांच्या खाली वाहून जाते.

म्हणूनच खत किती द्यावे, याइतकेच ते केव्हा द्यावे, हेही महत्त्वाचे ठरते. समजा, हेक्टरी ४० किलो नत्र द्यावयाचे आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे सुमारे ८७ किलो युरिया लागेल. तो सारा पेरणीच्या वेळीच दिला, तर कोवळ्या रोपांना पूर्णपणे घेता येत नाही आणि एका मुसळधार पावसात शेतकऱ्याचा पैसा मातीत जातो. त्याऐवजी अर्धा युरिया पेरणीच्या वेळी द्यावा. उरलेला युरिया तीन ते चार आठवड्यांनी, निंदणीनंतर, जमिनीत ओल असताना देऊन मातीत मिसळावा. पावसाने ओढ दिली, तर दुसरा हप्ता रोखून खर्च वाचवता येतो.

वाया गेलेले नत्र झिरपत भूजलापर्यंत पोहोचू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ते फार वाढल्यास तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. पाणी उकळूनही नायट्रेट निघून जात नाही.

नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावावी, या हेतूने २०१५ मध्ये देशात तयार होणाऱ्या अनुदानित युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे बंधनकारक झाले. मात्र जमिनीचा कस टिकवण्यासाठी शेणखत आणि मूग, मटकी, गवार यांची फेरपालट यांना पर्याय नाही. शेणखताने मातीची धारणशक्ती वाढते, तर या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात.

विचार करा
१. रेताड जमिनीत सर्व युरिया एकाच वेळी का देऊ नये?
२. शेतातील खताचा गावातील विहिरीशी कोणता संबंध आहे?